सहाशे वीसवरचा उंचवटा

११ मार्च

टिचकी,

पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. पाकिटावरचं अक्षर बघून तू दारातच थबकली असशील आणि नऊ वर्षांनी ताईला काय उपरती झाली, असं म्हणाली असशील. पत्ता कुठून मिळाला? आईच्या उशीखालच्या डायरीतून उतरवून घेतला, तिला न विचारता. दर रविवारी ती दार लोटून तुझ्याशी फोनवर बोलते आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटते, म्हणजे मला काही ऐकू येत नाही अशी तिची खात्री पटते. तिलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. नऊ वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललंय. त्यामुळे तू रंगाच्या कारखान्यात कापडाची छटा तपासतेस, तुझा गुडघा दुखतो आणि तू अजून रात्रीचं दूध घेत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आता कामाचं.

गेल्या मंगळवारी तलावाच्या तीन नंबरच्या ठिकाणचं पाणी आलं. नवीन मुलगी रजेवर होती म्हणून मीच बसले. अर्धा लिटर पाणी, वर पांढरा काचतंतूचा फिल्टर, व्हॅक्यूम अगदी हलका, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांच्या पेशी फुटत नाहीत. तुला हे सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मला सांगायची सवय आहे आणि तुला ऐकून घ्यायची नाही. फिल्टर स्पेक्ट्रोमध्ये ठेवला. जांभळ्यापासून लालपर्यंत एकेका रंगाचा प्रकाश त्यातून गेला आणि फिल्टरने कुठला रंग किती गिळला, त्याची रेघ पडद्यावर आली. निळ्यात एक उंचवटा, लालात एक. तलावात हिरवं प्लवक आहे, मजेत आहे. मग मिथेनॉल ओतून हिरवा रंग उतरवला आणि तोच फिल्टर पुन्हा लावला. आता जे उरलं तो गाळ, आणि गाळाची रेघ निळ्याकडून लालकडे सरळ उतरत जायला हवी. पहिल्या रेघेतून दुसरी वजा केली की प्लवकांचा वाटा. मोठे साहेब प्रमुख होते तेव्हाचं त्यांचं वाक्य आठवतंय ना? "धुतल्यावर राहील तो गाळ." मी तीस वर्षं ते नव्या माणसांच्या डोक्यात भरते आहे.

तर या दुसऱ्या रेघेवर सहाशे वीस नॅनोमीटरला, म्हणजे नारिंगी रंगापाशी, उंचवटा आला. बारीक, पण ठसठशीत.

म्हटलं, मिथेनॉल जुनं असेल. नवी बाटली फोडली. उंचवटा तिथेच. तुलनेसाठी लावतो तो कोरा फिल्टर नीट भिजवला नसेल म्हणून तोही बदलला. उंचवटा हलायला तयार नाही. दिवसभरात पाच फिल्टर केले, पाचही तसेच. माझ्या हातून, टिचकी! ज्या हाताच्या कामावर इथे कोणी ब्र काढत नाही, त्या हातून!

तुझ्या वहीत हाच उंचवटा होता. एकेचाळीस वेळा. साहेबांनी भर बैठकीत ती सगळी रीडिंग रद्द केली, "धुण्यात निष्काळजीपणा" असा शेरा मारला, आणि तू राजीनामा टेबलावर ठेवून गेलीस. जाताना माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी त्या बैठकीत मूग गिळून बसले होते, म्हणून. ते बरोबरच होतं तुझं.

आता ऐक. आपल्या प्रयोगशाळेचा तलावाचा दहा वर्षांचा अहवाल एप्रिलअखेर छापायला जातोय. त्यात पान अठ्ठावीसवर एक ओळ आहे: "एकेचाळीस मोजमापं हाताळणीतील निष्काळजीपणामुळे रद्द." खाली तुझं पूर्ण नाव. एकदा छापलं की ते ग्रंथालयात जाईल, पाणीपुरवठ्याकडे जाईल आणि तिथेच राहील. ती ओळ मी काढणार आहे. कशी, ते अजून माहीत नाही, पण काढणार.

उत्तराची अपेक्षा नाही. गुडघ्याला शेक घे.

ताई

२० मार्च

टिचकी,

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं! मी आज प्रयोगशाळेत उडी मारली. अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपले शिपाई मामा पाण्याची बादली घेऊन धावत आले, त्यांना वाटलं माझ्या अंगावर ॲसिड सांडलं.

आठ दिवस पुस्तकं उपसत होते. तुला नऊ वर्षांपूर्वी जे दिसलं, ते मला चष्मा लावून आठ दिवसांनी दिसलं. नीलहरित प्लवकांत हिरव्याशिवाय एक निळा रंग असतो. तो पाण्यात विरघळतो, मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. आपण मिथेनॉलने धुवायचो, हिरवा जायचा, निळा तिथेच ठाण मांडून बसायचा, आणि आपण त्याला गाळ म्हणायचो. तू जितकं नीट धुवायचीस तितका तो स्पष्ट दिसायचा. आणि मी म्हणायचे, "अजून धू."

तू एकदा म्हणाली होतीस, "ताई, हा गाळ नाही गं, हे जिवंत आहे." मी म्हणाले होते, "जिवंत असेल तर त्याला विचार, तुझा हात का चालत नाही." चारजणांत म्हणाले होते. सगळे हसले होते.

मग आज ब्लीच वापरलं. तेच, कपडे पांढरे करायचं, पण पातळ केलेलं. ब्लीच कुठलाही रंग ठेवत नाही, आणि मातीच्या कणांना काही करत नाही. फिल्टरवर थेंब थेंब सोडलं, दहा मिनिटं थांबले, रेघ काढली. सहाशे वीसचा उंचवटा साफ गायब. जे गेलं ते रंग होता, आणि रंग होता म्हणजे जीव होता.

पण हे झालं या वर्षीचं पाणी. तुझी एकेचाळीस रीडिंग खरी होती याला पुरावा काय? मी डोक्याला हात लावून बसले होते. मामा बादली ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, धाकट्या बाईंचा डबा काढू का?"

"कसला डबा?"

"डीप फ्रीझरमधला. त्या जाताना म्हणाल्या होत्या, मामा, हा टाकू नका. म्हणून दरवर्षी सफाईच्या दिवशी मी तो मासळीच्या नमुन्यांमागे सरकवतो. तुमच्या नजरेला पडू नये म्हणून."

ऐकलंस? माझ्या नजरेला पडू नये म्हणून! माझ्या नाकाखाली नऊ वर्षं कट शिजत होता आणि मी तिथली वरिष्ठ.

डबा उघडला. तू प्रत्येक नमुन्याचा एक जादा फिल्टर करायचीस, त्यावरून मी किती कटकट केली होती: सामान फुकट घालवतेस, हात सैल आहे. फॉइलच्या घड्या, त्यावर तुझं मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर, तारीख, ठिकाण. मधे एकदा फ्रीझर बिघडला होता तेव्हा बरेच खराब झालेत, पण अकरा शाबूत आहेत. अकरा पुष्कळ झाले. दोन लगेच लावून बघितले. मिथेनॉलनंतर उंचवटा आहे, ब्लीचनंतर नाही.

एकच कटकट आहे. ब्लीचनंतर रेघेचं जांभळ्याकडचं टोक उगाच वर चढतं. गाळाने तिथे इतका प्रकाश गिळायला नको. आमच्या नव्या प्रमुख मॅडम (चांगली बाई आहे, तोंडावर बोलते) म्हणाल्या, "ताई, या शेपटीसकट कोणी विश्वास ठेवणार नाही. समिती २२ एप्रिलला बसते आहे. तोवर शेपूट घालवा, नाहीतर अठ्ठावीस नंबरचं पान आहे तसं छापावं लागेल."

घालवते म्हणाले. कशी ते देव जाणे.

ताई

२९ मार्च

टिचकी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

मॅडमनी तुझी जुनी फाइल मागवली. साहेबांच्या शेऱ्याखाली एक चिठ्ठी टाचलेली आहे. बिनसहीची. त्यात लिहिलंय, "धाकटीचं धुण्याचं काम कच्चं आहे, घाईत उरकते, तिच्या रीडिंगवर विसंबू नये." मॅडमनी विचारलं, "ही कोणाची चिठ्ठी, ताई? तुम्हाला अक्षर ओळखता येतं का?"

मी म्हणाले, "बघावं लागेल."

माझंच अक्षर, आणि मला बघावं लागणार!

तुला इतकी वर्षं वाटतंय की साहेबांनी रद्द केलं आणि ताई नुसती गप्प बसली. पहिल्या पत्रातही मी तुला तेच वाटू दिलं. तर तसं नाही. साहेबांनी शेरा मारला तो माझ्या चिठ्ठीवरून. बैठकीच्या आदल्या दिवशी मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली होती, पेपरवेटखाली, कोणी बघत नाही असं बघून.

मला खरंच वाटत होतं का की तुझं धुणं कच्चं आहे? अर्धं वाटत होतं. उरलेलं अर्धं काय होतं, तेही सांगते. त्या महिन्यात नवा स्पेक्ट्रो यायचा होता. साहेब मला म्हणाले, "यंत्र धाकटीकडे देऊ या, तिचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे." मीच तुला इथे आणलं. फिल्टर चिमट्यात कसा धरायचा, ते मी तुझी बोटं धरून शिकवलं. तू नळी हातात घेतलीस की आधी तिला टिचकी मारून बुडबुडा उडवायचीस, त्यावरून तुझं नाव मीच पाडलं. आणि दीड वर्षात तुझा हात माझ्यापेक्षा हलका! मला ते सहन झालं नाही. जळफळाट झाला माझा. दुसरा शब्द नाही त्याला.

तू जाशील असं वाटलं नव्हतं. वाटलं, रडशील, चार दिवस फुगशील, मग मी चहा करून समजूत काढेन आणि पुन्हा सगळं माझ्या हातात येईल. तू रडली नाहीस. तू गेलीस. यंत्र माझ्याकडे आलं, आणि पहिला महिनाभर मला त्याचं झाकण उघडवेना.

फाइल आज रात्रीपुरती माझ्या पिशवीत आहे. ते पान काढून घेणं सोपं आहे, एका टाचणीचं काम. तसं केलं तर तुझी ओळही जाईल आणि माझीही लाज झाकली जाईल. आई समोर बसून भाजी निवडते आहे आणि माझ्याकडे बघते आहे. तिला काही सांगितलं नाही, पण तिला कळतं.

पान काढलेलं नाही. काढणारही नाही. पण २२ तारखेला ते माझं आहे असं सगळ्यांसमोर म्हणायची ताकद माझ्यात आहे का, ते मला आत्ता सांगता येत नाही.

आता तू पत्र फाडलंस तरी माझी हरकत नाही.

ताई

१२ एप्रिल

अगं टिचके!

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दारातून टाकलं, आईने उचललं, वाचलं आणि म्हणाली, "यात काही घरचं दिसत नाही बाई, हे तुझ्याच कामाचं आहे." मी झडप घातली. ना ताई, ना नमस्कार, ना खाली नाव. नुसतं:

"ब्लीच टाकल्यावर फिल्टर किती वेळा धुतलास? ब्लीच स्वतः जांभळ्याकडचा प्रकाश गिळतं. फिल्टरमध्ये राहिलं तर शेपूट येणारच. तलावाचंच गाळून घेतलेलं पाणी वापर, नळाचं नको. निदान तीन वेळा. कोऱ्या फिल्टरलाही तेच सगळं कर."

मी एकदा धुवत होते. एकदाच! नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याबद्दल लिहिलं, धुण्याचं काम कच्चं. आज धुण्याचं काम कुणाचं कच्चं निघालं? मी खुर्चीवर बसून एवढी हसले की मामांनी पुन्हा बादली आणली. त्यांना सगळं सांगितलं, तर तेही हसायला लागले, आणि मग मला जरा जास्तच हसतायत असं वाटलं.

तीन वेळा धुतलं. शेपूट गेली. रेघ निळ्याकडून लालकडे अशी गुळगुळीत उतरते की बघत राहावं. कोऱ्या फिल्टरलाही ब्लीच लावायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. रंगाच्या कारखान्यात तुला सोन्यासारखं ठेवत असतील. नसतील ठेवत तर मूर्ख आहेत.

उरलेल्या नऊपैकी सहा फिल्टर मॅडमसमोर करून दाखवले. सहाही वेळा तेच. मॅडम म्हणाल्या, "उरलेले तीन राखून ठेवा. समितीसमोर प्रत्यक्ष दाखवू. मोठे साहेबही यायचे आहेत, त्यांना पाहुणे म्हणून बोलावलंय."

मोठे साहेब!

चिठ्ठीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला समजलं. मी विचारत नाही.

ताई

२२ एप्रिल, संध्याकाळ

टिचकी,

बस. पाणी पी. मीही पिते. आता पहिल्यापासून सांगते, कारण असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आलेला नाही.

सकाळी दहाला सगळे आपल्या मोठ्या खोलीत जमले. मॅडम, समितीचे तिघं, पाणीपुरवठ्याचा इंजिनियर आणि पुढच्या खुर्चीत मोठे साहेब. काठी आली आहे, पण आवाज तोच. मला बघून म्हणाले, "काय, अजून धुताय का?" म्हटलं, "धुतेय साहेब, आणि आज तुमच्यासमोर धुणार आहे."

मिथेनॉलने धुतलेला तुझा फिल्टर आधीच तयार ठेवला होता. लावला. पडद्यावर सहाशे वीसला उंचवटा. साहेब लगेच म्हणाले, "हे कच्चं धुणं आहे." अगदी तुझ्यावेळी बोलले होते त्याच आवाजात. मी फिल्टरवर ब्लीच सोडलं आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं! टिचकी, सहा मोठी माणसं एका पांढऱ्या चकतीकडे दहा मिनिटं टक लावून बघत बसली आहेत, असं दृश्य तू कधी पाहिलं नसशील. इंजिनियरने दोनदा घसा खाकरला. समितीतल्या एकाने हळूच जांभई दिली. माझ्या तळहाताला असा घाम सुटला की चिमटा निसटत होता.

मग तीनदा धुतलं, तलावाच्या गाळलेल्या पाण्याने, तुझ्या हुकमाप्रमाणे. कोरा फिल्टरही तसाच. लावला. रेघ आली, आणि उंचवटा नाही.

साहेब म्हणाले, "पुन्हा. आणि या वेळी फिल्टर मी निवडणार." उठले, काठी टेकत डब्याशी आले, उरलेल्या दोनांपैकी एक स्वतःच्या हाताने उचलला, फॉइलवरची तारीख वाचली. मग सगळं पुन्हा. मिथेनॉलचा तास म्हणून मधे चहा झाला. चहाला साहेब गेले नाहीत, फिल्टरजवळच बसून राहिले. मग पुन्हा रेघ, पुन्हा उंचवटा, पुन्हा ब्लीच, पुन्हा दहा मिनिटं. आणि पुन्हा उंचवटा साफ!

साहेबांनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. मग वळून सगळ्यांना म्हणाले, "मी तीस वर्षं एक चुकीचं वाक्य शिकवलं. धुतल्यावर राहतं ते सगळं गाळ नसतं. त्या मुलीने एकेचाळीस वेळा मला हे दाखवलं आणि मी बघितलं नाही." इतकं स्वच्छ बोलले, टिचकी. मी त्यांना कधी चूक कबूल करताना ऐकलं नव्हतं.

इंजिनियरचे तर डोळे पांढरे झाले. "म्हणजे पाणी गढूळ दिसलं की गाळ समजून मी तुरटी वाढवत होतो, ती या जीवांना पाजत होतो?" मी म्हटलं, "पाजत होतात. त्यांनी तुमची तक्रार केलेली नाही." सगळे हसले, आणि मला वाटलं, झालं, आता अठ्ठावीस नंबरच्या पानाचं बोलू आणि घरी जाऊ.

पण साहेबांची स्मरणशक्ती! ते म्हणाले, "पण तेव्हा मला एक चिठ्ठी आली होती. कामात घाई करते अशी. त्याशिवाय मी रद्द केलं नसतं." मॅडमनी फाइल उघडली. चिठ्ठी तिथेच होती. "सही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मला वाटतं त्यांना आधीपासून कळलं होतं आणि त्यांनी मला वाट मोकळी सोडली होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "ती चिठ्ठी माझी आहे. काम कच्चं नव्हतं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि मला ते बघवलं नाही. धाकटी बहीण आहे ती माझी."

मॅडमनी फाइल मिटली. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, हे इतिवृत्तात लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले, "शुद्धलेखन मी तपासून देते."

आणि लिहिलं. मी तपासून दिलं. दोन चुका होत्या.

आता निकाल ऐक. पान अठ्ठावीसवरची ओळ गेली. पूर्ण गेली. तिच्या जागी मी उभ्या उभ्या सांगितलेलं आणि साहेबांनी दुरुस्त केलेलं असं येणार आहे: "या एकेचाळीस मोजमापांत तलावातील नीलहरित प्लवकांची पहिली नोंद आहे." खाली तुझं पूर्ण नाव. धुण्याची जुनी पद्धत आजपासून बंद, नवी सुरू, आणि ती सुचवणारी म्हणूनही तुझंच नाव, कारण तीन वेळा धुवायचं तू सांगितलंस. मॅडम म्हणाल्या, तुझी सही लागेल, त्याशिवाय छापता येणार नाही. तो कागद आणि नव्या पद्धतीची मी लिहिलेली टिपणं सोबत जोडली आहेत. सगळं नीट वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

घरी आले तर आई दारात. तिला सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग आत गेली आणि तासभर माझ्याशी बोलली नाही. तासाने येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी जिंकले, टिचकी! आज मी माझ्याच विरुद्ध केस लढले आणि जिंकले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. रस्त्याने येताना मी मोठ्याने गुणगुणत होते, लोक वळून बघत होते. बघू देत.

ताई

२ मे

टिचकी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, कारण ते पोचायच्या आधी तूच पोचशील. उद्या स्टेशनवर हातात देईन.

तुझं पाकीट काल आलं. सही केलेला कागद, आणि त्यासोबत माझ्या टिपणांवर लाल शाईने नऊ दुरुस्त्या. नऊ! आकृतीच्या अक्षावरचं एकक चुकलंय म्हणतेस. चुकलंय. मॅडमनाही दिसलं नव्हतं, साहेबांनाही नाही. मी ते पान प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवत फिरले, अगदी मामांनाही. "बघा, हिचा हात बघा," म्हणून. छपाईवाल्याला कागद आज सकाळी मी स्वतः नेऊन दिला आणि पान अठ्ठावीसचं प्रूफ निघेपर्यंत तिथून हलले नाही. तुझं नाव बरोबर छापलंय. तीनदा वाचलं.

आणि मागे टाचलेली तुझी चिठ्ठी. तीही तीनदा वाचली. "ताई, सही केली आहे. चिठ्ठीचा राग गेलेला नाही आणि तो पत्राने जाणारही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने समोरासमोर भांडायला येते. आठ दिवसांची रजा काढली आहे. आईला सांगू नकोस."

आईला मी सांगितलं नाही. पण तिने आज तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली, दुधवाल्याला जादा दूध सांगितलं आणि मला म्हणाली, "उद्या लवकर उठ." तुझ्या रविवारच्या फोनची वाट बघतेय का, म्हणून मी मुद्दाम विचारलं. "उद्या कशाला फोन येईल," म्हणाली आणि जीभ चावली.

आठ दिवस भांडण! म्हणजे तू नीट तयारीने येते आहेस. ये. मी तयारी केलेली नाही, माझ्याकडे बचावाला काही नाही. काय बोलायचं असेल ते बोल, वाटेल तेवढा वेळ बोल, आवाज चढव, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. मी मधे तोंड घालणार नाही. घातलंच, तर गप्प बस म्हण. आजवर मला तसं कोणी म्हणालेलं नाही, हेच चुकलं असावं.

एक गोष्ट मात्र मी आधी बोलणार, तू काही म्हणायच्या आत. साहेबांसमोर बोलले, मॅडमसमोर बोलले, इतिवृत्तात लिहून दिली, आईला सांगितली. तुला चिठ्ठीचं सगळं लिहिलं, पण ही एक गोष्ट फक्त तुलाच अजून सांगितलेली नाही. पाच पत्रं लिहिली आणि दर वेळी शेवटाला येऊन पेन अडायचं. आज नाही अडलं. माझं चुकलं, टिचकी. फार चुकलं. मला माफ कर, किंवा नको करूस, पण ये.

आधी पोटभर भांडून घेऊ, मग जेवू.

तुझी
ताई